डॉ. सिसिली साँडर्स

सिसिली साँडर्स यांचे चरित्र मी वाचायला घेतले ते हॉस्पिसच्या संस्थापक म्हणून. मनात राहिले ते मात्र त्यांचे इस्पितळाशी असलेले नाते.

१९१८ साली लंडनजवळ बार्नेट येथे त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून युद्धकाळात त्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा पदवी पुरी करून त्या रुग्णांची समाजसेविका बनल्या. डेव्हिड तास्मा हा वॉर्सॉचा निर्वासित १९४८ साली कर्करोगाने गेला. मरणाऱ्यांसाठी एखादे घर असावे, असे मनोराज्य दोघांनी त्याच्या खाटेशी केले होते. त्यासाठी तो पाचशे पौंड मागे ठेवून गेला.

आधी डॉक्टर व्हा, एरवी तुमचे कोणी ऐकणार नाही, असा सल्ला शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी दिला. बाई तेहतिसाव्या वर्षी वैद्यकाच्या वर्गात बसल्या. (आपल्याकडे या वयाची माणसे फळ्यासमोर उभी असतात!) रोगी कळवळून मागेल तेव्हाच मॉर्फिन द्यायचे, अशी इस्पितळांची रीत होती. १९५८ पासून सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये बाईंनी ते ठरल्या वेळी, दुखणे परतण्यापूर्वीच दिले आणि शेकडो रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. दोन वर्षांत त्यांच्या परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या.

पण बहुतेक माणसे इस्पितळातच मरत होती. माझ्या काकूंना एका इस्पितळाने आता उपाय नाही म्हणून घरी धाडले. पुढे दुखेल तेव्हा कोणाकडे जायचे, हे कोणीच सांगितले नाही. नेमकी हीच फट बुजवायला १९७७ साली सेंट टॉमसमध्ये डॉ. थेल्मा बेट्स यांनी एक पथक उभारले. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स इस्पितळात तसे आधी झाले होते. पथकाला स्वतःची एकही खाट नव्हती. रोगी वॉर्डातल्या डॉक्टरांचाच राही. पथक बोलावल्यावर येई, औषधाची मात्रा सुचवी, नातेवाइकांशी बोले. कागदावर हे सोपे दिसते. पण आपल्या रोग्याबद्दल दुसऱ्याचे ऐकणे मोठ्या डॉक्टरांना जड जाते. मला तरी ही खाटेवाचूनची व्यवस्थाच शहाणपणाची वाटते. पथकाने रोगी ताब्यात घेतला असता, तर वॉर्डातले डॉक्टर काही शिकले नसते, आणि आपल्याला सोडून दिले, असे रोग्याला वाटले असते.

१९८७ साली ब्रिटनमध्ये या शाखेला स्वतंत्र वैद्यकीय मान्यता मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना हे भारतातले पहिले हॉस्पिस सुरू झाले होते. बाई २००५ साली कर्करोगाने, सेंट क्रिस्टोफर्समध्येच वारल्या.