अंबरसिंग सुरतवंती

अंबरसिंग सुरतवंती (मृत्यू : १९७४), लोकांमध्ये रूढ नाव अंबरसिंग महाराज, हे महाराष्ट्रातील भिल्ल समाजाचे नेते, सर्वोदय कार्यकर्ते व आदिवासी हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते होते. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात (सध्या नंदुरबार जिल्हा) १९७० च्या दशकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीचे ते प्रवर्तक मानले जातात. ही चळवळ ‘शहादा चळवळ’ या नावाने ओळखली जाते. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवणे, सालदारांना न्याय्य मोबदला मिळवून देणे आणि आदिवासींवरील मारहाण व अत्याचार थांबवणे ही तिची प्रमुख उद्दिष्टे होती.

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी पसरलेले तापी व गोमाई नद्यांचे खोरे सुपीक काळ्या जमिनीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम खानदेश या जुन्या जिल्ह्याचा हा भाग पुढे धुळे जिल्ह्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी इत्यादी आदिवासी समाज येथे मोठ्या संख्येने राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे.

सपाटीवरील भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्ज, गहाणखते व तोंडी व्यवहार यांच्या मार्गाने हळूहळू बिगर-आदिवासी जमीनमालक व सावकार यांच्याकडे गेल्या. पावसाळ्यात खाण्यासाठी उचललेल्या धान्यावर वा रकमेवर व्याज चढत जाई आणि अखेरीस सातबाऱ्यावरील नाव बदले. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित होण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ नुसार निर्बंध होते. परंतु ज्यांच्या संरक्षणासाठी ही तरतूद होती त्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. भूमिहीन झालेले अनेक जण आपल्याच पूर्वीच्या जमिनीवर सालदार म्हणून राबू लागले. खानदेशात सालदाराचे वर्ष प्रथेनुसार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. आगाऊ उचल घेतलेल्या सालदाराला वर्ष संपेपर्यंत मालक सोडून जाता येत नसे. उचल फिटली नाही तर पुढील वर्षही त्याच दारात जाई.

शेतातील पिकांच्या राखणीसाठी जमीनमालकांनी पीक संरक्षण संस्था उभारल्या होत्या. या संस्थांचे रखवालदार चोरीच्या संशयावरून आदिवासींना मारहाण व दंड करतात, अशी तक्रार सातत्याने होत असे.

सुरुवातीचे कार्य

अंबरसिंग हे शहादा तालुक्यातील पाडळदे येथील भिल्ल कुटुंबातील होते. समाजातील मोजक्या शिक्षित तरुणांपैकी ते एक होते. सर्वोदय विचाराशी त्यांचा संबंध आला आणि त्यांनी गावोगाव भजनी मंडळे सुरू केली. ‘महाराज’ ही उपाधी त्यांना या भजनांमुळेच मिळाली. दिवसभर मजुरी करणारे लोक रात्री भजनासाठी एकत्र येत आणि त्याच बैठकीत दारू, कर्ज, मजुरी व मारहाण या विषयांवर बोलणे होई. अन्यत्र उघडपणे भरू न शकणारी सभा अशा प्रकारे भजनाच्या निमित्ताने भरत असे.

या पद्धतीला परिसरात पूर्वपरंपरा होती. तळोदा भागातील मोरवड येथील गुलाम महाराज (मृत्यू : १९३८) यांनी १९३० च्या दशकात ‘आप’ पंथाद्वारे व्यसनमुक्ती, स्वच्छता व परस्परांविषयी आदर यांचा प्रसार केला होता आणि त्यांच्या आरतीसाठी हजारो आदिवासी जमत. गुलाम महाराजांचा भर आत्मसुधारणेवर होता. अंबरसिंग यांनी त्या जोडीला जमिनीचा व मजुरीचा प्रश्न आणला. आदिवासींच्या दारिद्र्याचे कारण केवळ त्यांच्या सवयींत नसून त्यांच्या हातून काढून घेतल्या गेलेल्या साधनांत आहे, अशी त्यांची भूमिका होती. भिल्ल आदिवासी सेवा मंडळाच्या माध्यमातून त्यांनी अत्याचाराच्या तक्रारी नोंदवण्याचे व दाद मागण्याचे काम केले.

पाटीलवाडी घटना आणि भूमुक्ती

मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्याच्या मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर जमीनमालकांच्या बाजूने गोळीबार झाला. जमीनमालकांनी जमावावर दरोड्याचा आरोप केला, तर आदिवासींच्या दृष्टीने हा उपासमारीचा प्रश्न होता. या घटनेमुळे शहादा परिसरातील परिस्थितीकडे राज्याचे लक्ष वेधले गेले आणि सर्वोदय कार्यकर्त्यांसह बाहेरील तरुणही तेथे येऊ लागले. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे हे त्यांपैकी होत.

यानंतर ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली. गावोगाव फिरून कोणाची जमीन कोणाकडे व कशी गेली याची माहिती गोळा करण्यात आली. जानेवारी १९७२ मध्ये शहादा येथे भूमुक्ती मेळावा भरला. चर्चा आणि विनंती यांनी प्रश्न सुटला नाही तेथे आदिवासींनी एकत्रितपणे आपल्या पूर्वीच्या जमिनींवर नांगर धरला.

सर्वोदयाची हृदयपरिवर्तनाची भाषा आणि हक्कांसाठी संघटित संघर्षाची गरज यांतील ताण या काळात स्पष्ट झाला. १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना दुसऱ्या मार्गाने गेली. अंबरसिंग यांनी सर्वोदयाशी असलेले नाते पूर्णपणे नाकारले नाही, तथापि ते संघर्षात लोकांबरोबर राहिले. बाहेरून आलेले कार्यकर्ते आणि भिल्ल वस्त्या यांना जोडणारा विश्वासाचा दुवा तेच होते. सालदारांचा पगार, कामाचे तास, सुटी आणि १९७२ च्या दुष्काळातील कामे हे संघटनेचे प्रमुख विषय होते.

स्त्रियांचा सहभाग

चळवळीत भिल्ल स्त्रियांचा सहभाग सुरुवातीपासून लक्षणीय होता. महिलांच्या शिबिरांतून दारू व घरातील मारहाण हे विषय पुढे आले. त्यानंतर स्त्रियांचे गट गावोगाव जाऊन दारूच्या गुत्त्यांवरील मडकी फोडू लागले आणि पत्नीला मारणाऱ्या पुरुषांना सर्वांसमोर जाब विचारू लागले. अंबरसिंग यांच्या भजनांतील व्यसनमुक्तीचा उपदेश येथे स्त्रियांनी स्वतःच्या हाती घेतलेल्या कृतीत रूपांतरित झाला. महाराष्ट्रातील पुढील स्त्रीमुक्ती चळवळीच्या अभ्यासकांनी या मोहिमेची दखल घेतली आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकातच शहादा चळवळीवर लेखन केले.

मृत्यू

१९७४ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांचे तरुण वयातच निधन झाले. चळवळीचे काम श्रमिक संघटनेने पुढे चालू ठेवले.

वारसा

त्याच वर्षी राज्य शासनाने आदिवासींच्या जमिनींविषयीचा कायदा कडक केला. ६ जुलै १९७४ पासून अशा जमिनींच्या हस्तांतरणावरील बंधने वाढवण्यात आली. महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करणे अधिनियम, १९७४ हा १ नोव्हेंबर १९७५ रोजी अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी धारकांना परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. या कायद्यांमागे राज्याच्या अनेक भागांतील आदिवासी असंतोष होता आणि शहादा हे त्याचे एक ठळक केंद्र होते. तरीही कायदा झाल्यानंतर प्रत्यक्ष ताबा मिळवण्यासाठी लोकांना तहसील कचेरीपासून शेताच्या बांधापर्यंत पाठपुरावा करावा लागला. कागदावरील हक्क संघटित लोकांशिवाय शेतापर्यंत पोहोचत नाही, हा अंबरसिंग यांच्या कार्यातून आलेला अनुभव या टप्प्यावरही खरा ठरला.

चळवळीतून स्थानिक आदिवासी कार्यकर्त्यांची एक पिढी घडली. कवी वाहरू सोनवणे हे त्यांपैकी एक असून त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रकाशित झाला. आदिवासींच्या वतीने कोणी बोलायचे, हा त्यांच्या लेखनातील महत्त्वाचा प्रश्न आहे. अंबरसिंग यांचे महत्त्वही या प्रश्नाच्या संदर्भात सांगितले जाते : ते आदिवासींसाठी बाहेरून आलेले नेते नव्हते, तर त्याच वस्तीतून उभे राहिलेले व त्याच भाषेत बोलणारे नेते होते.