डिझेल हे आडनाव आहे!

डिझेल हे तेलाचं नाव असं आपल्याला वाटतं. पण ते रुडॉल्फ डिझेल या शास्त्रज्ञाचं आडनाव आहे.

त्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन होते. शिक्षण म्युनिकला झाले. त्या काळची वाफेची इंजिने कोळशाची बहुतेक उष्णता वाया घालवीत. ही नासाडी त्यांच्या मनाला लागली. १८९७ साली त्यांचे नवे इंजिन यशस्वी झाले. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? तशीच यात हवा दाबून इतकी तापते की तेल ठिणगीवाचून पेटते! १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. कसे, ते कळलेच नाही.

पण धूर मागे राहिला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असे ठरवले. त्यातली काजळी हवाही तापवते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, नव्या गाड्यांना काजळी अडवणारी जाळी आली. आपल्या देऊळगाव राजाच्या शिवारात विहिरीवर जुनं इंजिन असेल, तर त्याला ती नसते. ते काळा धूर ओकू लागलं, की समजावं, तेल नीट जळत नाही. नोझल तपासून घेतला की धूरही कमी होतो आणि बाबांचं डिझेलही वाचतं.