केडगावच्या छापखान्यातील पंडिता

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, ती संत्र्या-आंब्याची बाग लावून शारदा सदनाच्या खर्चाची तजवीज करण्यासाठी. पण १८९६-९७ च्या दुष्काळाने तिचे प्रयोजनच बदलले. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना तेथे ठेवता येईना. मग केडगावच्या माळावरच झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून 'मुक्ती' आकारास आले. स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारीत गमावलेल्या रमाबाईंना दुष्काळ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून महाराष्ट्राचे आणि त्यांचे नाते अवघड झाले. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. मात्र काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता, असे म्हणता येणार नाही. श्रद्धा आणि काम यांत भिंत घालणे बाईंना कधी जमलेच नाही. तिकडे मिशनऱ्यांनाही त्या पुरत्या मानवल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवर वाद घातले, शाकाहार सोडला नाही.

मुक्तीमध्ये प्रार्थना होई, पण दिवस जाई तो कामात. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलघाणा, शिवण, स्वयंपाक, साऱ्यांत मुलींचेच हात होते. अंध मुलींसाठी कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. त्या मुली टोपल्या विणीत. दान मागून खाणारी स्त्री परतंत्रच राहते, हे रमाबाईंनी भटकंतीच्या दिवसांत जाणले होते.

आणि छापखाना! खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे येथे स्त्रिया करीत. याच छापखान्यासाठी बाईंनी आयुष्यातील सर्वांत दीर्घ काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने ते अल्पशिक्षित बायकांना कळत नसे. म्हणून बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करू लागल्या. भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही विदुषी आता संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला ठेवीत होती. ही भाषा पुष्कळांना ओबडधोबड वाटली. ती साहित्यिकांसाठी नव्हतीच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. संस्थेची पुढील भिस्त ज्या मुलीवर होती, तीच राहिली नाही. स्वतः बाई थकल्या होत्या, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.