शाळेच्या दारातला मुलगा

फळ्यावर खडूने एक गणित मांडलेले आहे. दहा ते चौदा या पाच संख्यांच्या वर्गांची बेरीज करायची, तिला ३६५ ने भागायचे आणि तेही तोंडी. सालीच्या वहाणा घातलेली शेतकऱ्यांची मुले विचारात गढली आहेत. एक जण खुर्चीत बसलेल्या गुरुजींच्या कानात उत्तर पुटपुटतो आहे. पहिल्या तीन वर्गांची बेरीज ३६५ येते, उरलेल्या दोहोंचीही तेवढीच, हे ज्याला दिसले त्याला 'दोन' हे उत्तर सापडायला वेळ लागत नाही.

निकोलाय बोगदानोव-बेल्स्की यांनी १८९५ साली रंगवलेले हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. गुरुजी काल्पनिक नाहीत. ते सर्गेई राचिन्स्की. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ रशियन भाषेत आणणारा हा वनस्पतिशास्त्रज्ञ मॉस्को विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून तातेवो या आपल्या गावी परतला आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवू लागला. त्या पोरांतच एक निकोलाय होता.

१८६८ च्या डिसेंबरात स्मोलेन्स्क प्रांतातील एका खेड्यात, एका गरीब शेतमजूर स्त्रीच्या पोटी, विवाहबंधनाबाहेर त्याचा जन्म झाला. बोगदानोव म्हणजे देवाने दिलेला. आपल्याकडचा देवदत्तच म्हणा ना! बापाचे नाव नसलेल्या मुलांना तिथे असे नाव मिळे. नाव गोड, पण त्यामागचा कलंक लपत नसे. राचिन्स्कींनी या मुलाचा हात ओळखला आणि त्याला मूर्तिचित्रे शिकण्यासाठी मठात धाडले. पुढे मॉस्कोची कलाशाळा, मग पीटर्सबर्गच्या अकादमीत इल्या रेपिन यांच्या हाताखाली शिक्षण, काही काळ पॅरिस. १९०३ मध्ये अकादमीने त्यांचा सन्मान केला, तेव्हापासून नावाला 'बेल्स्की' जोडले गेले.

पॅरिस पाहूनही विषय मात्र खेड्यातलाच राहिला. मुलांना गोंडस करून विकण्याचा मोह त्या काळच्या अनेक चित्रकारांना झाला. बोगदानोव-बेल्स्कीही त्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हते, उत्तरायुष्यातील काही चित्रे जरा जास्तच उजळ वाटतात. पण १८९७ चे 'शाळेच्या दाराशी' पाहावे. फाटक्या कपड्यांतला, पाठीवर झोळी नि हाती काठी घेतलेला मुलगा उंबरठ्यावर उभा आहे. आत वर्ग भरला आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, दिसते ती फक्त पाठ. तो आत जाईल की माघारी वळेल, हे चित्रकाराने सांगितलेले नाही. हा मुलगा म्हणजे स्वतः निकोलायच, असे मानण्याचा मोह आवरत नाही.

क्रांतीनंतर रशियात त्यांचे मन रमेना. १९२१ मध्ये ते लाटव्हियात रिगा येथे गेले. तिथेही लाटगाल्याच्या खेड्यांतील मुलेच त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिली. महायुद्धाच्या अखेरीस, फेब्रुवारी १९४५ मध्ये, त्यांचे बर्लिनमध्ये निधन झाले. तेथील टेगेलच्या रशियन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.