टोकियोचा स्वप्नचित्रकार आओकी शिगेरू

राजा रविवर्म्याची चित्रे आमच्या पिढीने मुंबईत आणि कोकणात पुष्कळ पाहिली. आपल्या घरात ती नसत, पण शेजाऱ्यांच्या भिंतीवरची शकुंतला व दमयंती आपल्याही ओळखीच्या होत्या. पुराणातल्या गोष्टी तैलरंगात उतरविण्याचे तेच काम जपानात एका तरुणाने हाती घेतले. फरक इतकाच की रविवर्म्याला राजेरजवाड्यांचा आश्रय मिळाला, याला कोणाचाच मिळाला नाही. त्याची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आओकी शिगेरू (जपानात आडनाव आधी येते) याचा जन्म १८८२ साली क्यूशू बेटावरील कुरुमे गावी एका जुन्या सामुराई घराण्यात झाला. १८९९ साली शाळा अर्धवट सोडून तो चित्रकलेसाठी टोकियोस गेला व पुढच्या वर्षी तेथील सरकारी कलाशाळेत दाखल झाला. शिक्षक म्हणून आम्हास हे कबूल करावे लागते की त्याचे खरे शिक्षण वर्गात कमी आणि उएनोच्या ग्रंथालयात जास्त झाले. तेथे बसून तो जपानची पुराणे वाची. आपल्याकडचे जैमिनी ऋषीदेखील त्याने रेखाटले आहेत!

१९०३ साली त्याच्या पुराणचित्रांना ‘पांढरा घोडा’ नावाच्या चित्रकारमंडळाचे पहिलेच बक्षीस मिळाले. त्यांत एक चित्र मृतांच्या देशाच्या वाटेचे आहे. इझानागी हा देव मेलेल्या बायकोला परत आणावयास पाताळात जातो, पाहू नकोस असे सांगितले असताना पाहतो, आणि तिचे सडलेले रूप पाहून पळत सुटतो. लोटाच्या बायकोची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांस ही गोष्ट परकी वाटू नये.

१९०४ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन तो मित्रांसह मेरा या कोळ्यांच्या गावी गेला. बरोबर गावचा बालमित्र साकामोतो हानजिरो होता आणि फुकुदा ताने ही चित्रकार तरुणीही होती. एके दिवशी साकामोतोने किनाऱ्यावर मोठी मासळी उतरताना पाहिली व रात्री तिचे वर्णन केले. आओकीने ते दृश्य स्वतः पाहिलेच नव्हते. तरी त्यावरून त्याने ‘समुद्राचे देणे’ हे चित्र काढले: उघडे कोळी खांद्यावर शार्क मासे घेऊन ओळीने चालले आहेत, आणि त्यांत एकच गोरा चेहरा आपल्याकडे वळून पाहतो आहे. तो चेहरा तानेचा, असे मानतात.

१९०५ साली त्यांना मुलगा झाला, पण लग्न कधी झाले नाही आणि पैसाही कधी नव्हता. १९०६ साली त्याने तनाखातील गोष्टींच्या पुस्तकासाठी तैलचित्रे केली. आपल्या पूर्वजांच्या गोष्टी टोकियोत अशा रंगल्या, हे आपल्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? १९०७ च्या टोकियो प्रदर्शनात त्याने समुद्राच्या देवाच्या महालाचे चित्र मोठ्या आशेने मांडले. तिसऱ्या वर्गाचे बक्षीस मिळाले, तेही यादीच्या तळाशी. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांना ते चित्र आवडले होते, पण आओकी संतापला व परीक्षकांवर जाहीर टीका करून बसला.

त्याच वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे तो गावी गेला, तो परत आलाच नाही. ताने व मूल मागेच राहिले. कलावंत म्हणून त्याचे हे वागणे झाकून टाकावे असे आम्हास वाटत नाही. वडील वारले, घरच्यांशी भांडण झाले, आणि तो क्यूशूभर भटकत चित्रे विकीत राहिला. क्षयाने २५ मार्च १९११ रोजी फुकुओकाच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. वय अवघे २८.

साकामोतो मात्र १९६९ पर्यंत जगला. त्याने कधी काळी कुरुमेच्या शाळेत चित्रकला शिकवली होती. त्या वर्गातला एक मुलगा, ईशिबाशी शोजिरो, पुढे ब्रिजस्टोन टायरचा मालक झाला. मास्तरांनी त्याला गळ घातली की माझ्या मित्राची चित्रे विखुरली आहेत, ती गोळा कर. विद्यार्थ्याने शब्द पाळला व १९५२ साली टोकियोत संग्रहालय उघडले. आता त्याचे नाव आर्टिझोन आहे. कोळ्यांचे चित्र, समुद्रमहाल आणि तनाखाची चित्रे त्याच संग्रहात आहेत. टोकियो स्टेशनपासून ते पायी जाण्याइतके जवळ आहे. मात्र सर्व चित्रे नेहमी भिंतीवर नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.