पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

आम्ही डोंगरकड्याकडील लोक औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला जातो, तेव्हा त्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या संबंधाने अहिल्याबाईंचे नाव कानी पडते. काशीविश्वेश्वराचे मंदिरही त्यांनीच पुन्हा बांधविले. एवढी कीर्ती व संपत्ती लाभलेली ही राणी सुखी असेल, असे आम्हांस वाटते. परंतु त्यांचे चरित्र निराळेच आहे.

इ. स. १७२५ मध्ये चौंडी येथे त्यांचा जन्म झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी विनवून परतविले. १७६६ साली मल्हारराव निवर्तले. पुढल्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. पुढे महेश्वरी राहून बाईंनी होळकरशाहीचा कारभार चालविला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती निघाली. ज्यांचा शब्द सारे राज्य मानी, त्या मातेची विनवणी लेकीने मात्र मानिली नाही. भरल्या वाड्यात पोटचे असे कोणीच उरले नाही. तरीही १७९५ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी प्रजेची काळजी सोडिली नाही.

धनाने घर भरते, मन भरत नाही. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ज्याच्याभोवती पुष्कळ माणसे दिसतात, त्याचीही आपण कधी आपुलकीने विचारपूस करावी.