शंतनुराव किर्लोस्कर कोण होते? पिकअपचे ॲव्हरेज वाढवण्याआधी त्यांच्या डिझेल इंजिनाची गोष्ट वाचा

पुणे : हडपसरहून सोलापूर रस्त्याने किंवा दिवे घाट चढून माल नेणाऱ्या पिकअपच्या मालकापुढे रोज एकच गणित असते. भाडे ठरलेले, डिझेलचा दर आपल्या हातात नाही. हातात उरते ते फक्त ॲव्हरेज. त्यामुळे कुणी इंजिनाचे रिमॅपिंग करून घेतो, कुणी टर्बोचा दाब वाढवतो, कुणी सायलेन्सरमधली जाळी काढून टाकतो. पण यातून खरेच डिझेल वाचते का?

कमी डिझेलमध्ये जास्त काम कसे करून घ्यायचे, हा प्रश्न पुण्यासाठी नवा नाही. तो सोडवण्यात आयुष्य घालवलेला एक माणूस याच शहराने पाहिला. खडकी, हडपसर आणि कोथरूड या पुण्याच्या तीन टोकांना त्यांनी कारखाने उभे केले. त्यांचे नाव शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा जीवनप्रवास आणि त्यातून आजच्या पिकअप मालकाने काय घ्यावे, हे समजून घेऊया.

नांगराच्या कारखान्यात वाढलेला मुलगा

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. वडील लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे ते कडबाकुट्टी यंत्र व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. त्यामुळे पहिले नांगर खपायलाच बराच काळ गेला.

१९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीने कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणरावांनी कारखाना आणि वसाहत उभारली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. शंतनुरावांचे बालपण याच कारखान्याच्या आवाजात गेले.

पुढे ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजेच एमआयटीत शिकायला गेले. १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले आणि थेट किर्लोस्करवाडीत कामाला लागले. त्या काळात अमेरिकेत शिकून आलेला तरुण सरकारी नोकरीचा किंवा मुंबईतल्या मोठ्या कंपनीचा विचार करत असे. यांनी मात्र आडगावातला कारखाना निवडला.

१९४६ : खडकीत ऑइल इंजिन

त्या काळात विहिरीचे पाणी उपसायचे म्हणजे मोट आणि बैल. गावात वीज नव्हती. डिझेलवर चालणारे ऑइल इंजिन हा पर्याय होता, पण ती इंजिने प्रामुख्याने ब्रिटनमधून यायची. सुट्या भागांसाठीही परदेशाकडेच पाहावे लागे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर शंतनुरावांनी हे इंजिन इथेच बनवायचे ठरवले. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिकही स्थापन झाली. इंजिनाच्या तंत्रज्ञानासाठी ब्रिटिश उत्पादकांशी सहकार्याचा करार झाला.

सगळे सुरळीत चालले होते असे नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. एकीकडे पुण्यातली कंपनी अजून बाल्यावस्थेत, दुसरीकडे मूळ कारखान्याची राख. तिथून सोडून जाणे सोपे होते. किर्लोस्करांनी तोच कारखाना पुन्हा उभा केला आणि पुण्यातले इंजिनाचे कामही थांबू दिले नाही.

डिझेल इंजिन कमी का पिते?

इथे थोडे मागे जावे लागेल. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांच्या डोक्यात इंधनाची बचत हीच मुख्य गोष्ट होती. त्यांच्या काळातली वाफेची इंजिने कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावत. १८९७ मध्ये आऊग्सबुर्ग इथे झालेल्या चाचणीत डिझेल यांच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात बदलून दाखवली.

यामागचे तत्त्व सोपे आहे. हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, तसेच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की त्यात फवारलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेते. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारण १० पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा १६ ते १८ पट. दाब जास्त, म्हणून पेटलेला वायू जास्त पसरतो आणि त्याच इंधनातून जास्त काम मिळते.

याचा अर्थ असा की, डिझेल इंजिनाचे ॲव्हरेज दोन गोष्टींवर टिकून असते : हवा किती घट्ट दाबली जाते आणि इंधन किती बारीक व किती अचूक वेळी फवारले जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसले नाहीत किंवा पंप-नोझलमध्ये केसाहून बारीक फरक पडला, तरी डिझेल वाया जाते. शंतनुरावांपुढचे खरे आव्हान हेच होते. असे एक इंजिन बनवता येते. पण तीच अचूकता हजारो इंजिनांत राखायची आणि ते इंजिन धुळीत, उन्हात, गावातल्या मिस्त्रीच्या हातात टिकवायचे, हे अवघड.

हे काम किती पक्के झाले, याची खूण आजही दिसते. देशातल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये किर्लोस्करचे एक सिलिंडरचे टीव्ही-१ इंजिन असते. १,५०० फेऱ्यांना सुमारे ७ अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनावर मेकॅनिकलचे विद्यार्थी डिझेलचा खप मोजायला शिकतात.

इंजिन चांगले, तरी तेल जास्त का?

त्याच लॅबमधला एक प्रयोग प्रत्येक पिकअप मालकाने पाहावा असा आहे. इंजिनावरचा भार हळूहळू वाढवत नेला की प्रत्येक अश्वशक्तीमागे लागणारे डिझेल आधी कमी होते. साधारण तीन चतुर्थांश भाराच्या आसपास ते सर्वांत कमी असते. पूर्ण भाराच्या पलीकडे रेटले की पुन्हा वाढते आणि काळा धूर येऊ लागतो. इंजिन तेच, डिझेल तेच. फरक पडतो तो काम आणि इंजिन यांच्या जोडीमुळे.

शेतावरच्या पंपांनी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पीसीआरए या केंद्र सरकारच्या इंधन बचत संस्थेने डिझेल पंपसेटच्या दुरुस्तीची मोहीम हाती घेतली. त्यात इंजिनाशी फारशी छेडछाड नव्हती. अडथळा करणारा फूटव्हॉल्व्ह बदलायचा, अरुंद किंवा खडबडीत पाइप काढून योग्य मापाचा टाकायचा, पंप आणि इंजिनाची जोडी तपासायची. पाण्याच्या वाटेतला अडथळा कमी झाला की त्याच पाण्याला कमी डिझेल लागते.

हडपसरची हवा, कोथरूडचे मोठे इंजिन

१९५८ मध्ये शंतनुरावांनी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन केली. तिचा हडपसरचा कारखाना हवा दाबणारी यंत्रे, म्हणजे कॉम्प्रेसर बनवण्यासाठी ओळखला जातो. योगायोग असा की, रुडॉल्फ डिझेल यांच्या पहिल्या इंजिनांत इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवाच वापरावी लागे आणि त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडलेला असे. आजच्या पिकअपमधला टर्बो हाही एक छोटा कॉम्प्रेसरच आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो.

त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीशी भागीदारी झाली आणि कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना आला. कमिन्सचे नाव अमेरिकेत गाजले तेच इंधन बचतीसाठी. १९३१ च्या इंडियानापोलिस शर्यतीत त्यांच्या डिझेल मोटारीने ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, एकदाही न थांबता पार केले. ती पहिली आली नाही, तेरावी आली. पण वाटेत इंधन भरायला थांबावे लागले नाही, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

कोथरूडची सुरुवातीची वर्षे कसोटीची होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला आणि बाहेरून येणारा प्रत्येक भाग एका रात्रीत महागला. शिवाय इतक्या मोठ्या इंजिनाची गरज त्या काळच्या सर्वसाधारण भारतीय ट्रकला नव्हती. ही इंजिने खाणीतले डंपर, बांधकामाची यंत्रे आणि जनरेटर यांत गेली. तिथे भार मोठा आणि सतत असतो. त्या कामाला ती शोभली आणि टिकली.

परवान्यांशी झगडा आणि अखेरची वर्षे

शंतनुराव लायसन्स-परमिट व्यवस्थेचे उघड टीकाकार होते. कारखान्याने किती माल बनवायचा हे सरकारने ठरवावे, हे त्यांना कधीच पटले नाही. फिक्की या उद्योजकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले आणि १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये त्यांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

ज्या परवान्यांवर ते आयुष्यभर टीका करत आले, त्यातले बरेचसे १९९१ मध्ये रद्द झाले. ते पाहायला शंतनुराव होते. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मग पिकअपवर काय चालते, काय नाही?

खडकीच्या इंजिनापासून कोथरूडच्या इंजिनापर्यंत एक गोष्ट सारखी दिसते. ॲव्हरेज वरून चिकटवता येत नाही. ते अचूक बनावट, कामाला योग्य इंजिन आणि देखभाल यांतून येते. हा निकष आजच्या बदलांना लावून पाहूया.

रिमॅपिंग : यात इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधन आणि टर्बोची मापे बदलतात. गाडी चढाला चांगली ओढते, हे खरे. पण जादा ताकद जादा डिझेलमधूनच येते. ती ताकद रोज वापरली तर ॲव्हरेज घटते. धूर, क्लचची झीज, टर्बोवरचा ताप आणि वॉरंटी हे वेगळे प्रश्न.

जाळी किंवा ईजीआर काढणे : एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत धूर रोखणारी यंत्रणा असते. ती काढली की विषारी धूर थेट रस्त्यावर, म्हणजे मागच्या दुचाकीस्वाराच्या छातीत जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

पाटे वाढवणे, मोठे टायर घालणे : पाटे वाढवले की जास्त माल भरला जातो आणि इंजिन कायम मर्यादेपलीकडे रेटले जाते. टायरचा व्यास बदलला की किलोमीटरचे मीटरही चुकीचे दाखवते. मग ॲव्हरेज वाढले की आकडा बदलला, हेच कळत नाही.

खरे काम करणारे उपाय : टायरमध्ये योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर पंप-नोझल तपासणी, चाकांचे अलाइनमेंट, घासत न राहणारे ब्रेक. आणि वेग. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. उंच भरलेल्या, ताडपत्री फडफडणाऱ्या पिकअपला तो जास्तच जाणवतो. पीसीआरए ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवते, तो यामुळेच.

गाडी घेतानाच आपला नेहमीचा माल आणि रस्ता पाहून इंजिन निवडणे, ही सर्वांत मोठी बचत. रोज दिवे घाट चढायचा असेल तर एक गाडी योग्य, मांजरी ते मार्केट यार्ड फेऱ्या मारायच्या असतील तर दुसरी. आणि कुठलाही बदल करण्याआधी महिनाभर टाकी फुल करून लिटर व किलोमीटर वहीत लिहा. बदलानंतर त्याच मार्गावर, तेवढ्याच मालासह पुन्हा महिनाभर लिहा. गॅरेजवाल्याचा दावा खरा आहे की नाही, हे ती वहीच सांगेल.